किरकोळ कामांची वही : पाडवा ते दिवाळी २०२५

३० मार्च, रविवार (पाडवा)

सकाळी गुढी उभारली आणि ही वही उघडली. आयटीआयला वायरमन ट्रेड, मग चौदा वर्षं चाकणला कंपनीत मेंटेनन्स. आजपासून स्वतःचं काम. पुण्यात कर्वेनगर, वारजे, डहाणूकर कॉलनी आणि कोथरूडचा अलीकडचा भाग. दुचाकीवर वीस मिनिटांत पोचता येईल तेवढाच पट्टा धरलाय.

कामं कसली, तर ज्यांच्यासाठी लोक "एवढ्याशाला कोण येतंय" म्हणतात आणि नळाखाली बादली ठेवून सहा महिने काढतात ती. गळका नळ, हळू फिरणारा पंखा, निसटलेला पडद्याचा रॉड, न बसणारी कडी, भरतच राहणारा फ्लश टँक, लावायचे राहून गेलेले फोटो. मोठी कामं घेणारा प्लंबर याला येत नाही, कारण दीडशे-दोनशेत त्याचा दिवस भागत नाही. माझाही एका कामात भागणार नाही. एकाच भागात दिवसाला पाच-सहा मिळाली तरच जमेल. म्हणजे लोकांना मी माहीत हवा, आणि जवळच्याच लोकांना हवा. हडपसरहून शंभर फोन आले तरी मला उपयोग नाही.

जाहिरातीला दिवाळीपर्यंत मिळून ₹५,०००, त्याच्या वर एक रुपया नाही, हे हिने ठरवलंय. फोन आला की "नंबर कुठून मिळाला?" हे विचारायचंच आणि त्याच दिवशी टिपायचं, हेही तिनेच सांगितलं. वहीची मागची पानं त्यासाठी आखून दिली आहेत.

२ एप्रिल, बुधवार

कागदपत्रं उरकली. उद्यम, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, घरबसल्या झाली. आधार आणि पॅन लागतं, शुल्क काही नाही. शोधताना पैसे मागणाऱ्या खासगी साइटही समोर येतात, तेव्हा सरकारी पत्ता नीट बघूनच भरावं. दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा कायदा आहे, त्यात माझ्यासारख्या एकट्या माणसाला नोंदणी लागत नाही, नुसती सूचना द्यायची. जीएसटी सेवेच्या धंद्याला वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही.

पोलिसांकडे चारित्र्य पडताळणीच्या दाखल्याचा अर्जही टाकला. हा खर्च मी कागदपत्रांत धरला असला तरी माझ्या मते ती जाहिरातच आहे. अनोळखी माणूस ड्रिल घेऊन घरात शिरणार, दुपारी घरात बहुधा एकटी बाई किंवा म्हातारी माणसं असणार. दाखला आला की लॅमिनेट करून बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवायचा.

विजेच्या कामाची मर्यादा स्वतःला आखून घेतली. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे दिवा, पंखा, फ्यूज, स्विच अशा वस्तू क्षमता न बदलता जशाच्या तशा बदलायला परवानाधारक ठेकेदार लागत नाही. नवी वायरिंग, वाढीव पॉइंट याला लागतो. म्हणून पत्रकात सरळ छापणार : "नवीन वायरिंग आणि पाइप गॅसची कामं करत नाही." हिला ते पटलं नाही. जाहिरातीत 'करत नाही' कशाला, असं तिचं म्हणणं. ओळ ठेवली.

६ एप्रिल, रविवार

पत्रकाचा मजकूर तीन वेळा बदलला. पहिल्या मसुद्यात होतं, "घरातील सर्व प्रकारची दुरुस्तीची कामे माफक दरात केली जातील." वाचून काहीच डोळ्यांपुढे येत नाही. आता वर मोठ्या अक्षरांत "पंखा हळू फिरतोय? नळ टपटपतोय? कडी लागत नाही?" आणि खाली नंबर. शेवटी "येऊन बघायचे ₹१५०, काम केलं तर त्यातच धरले जातात."

ए-५ आकार, एकरंगी, १,००० प्रती, ₹९००. पहाटे साडेचारला वारजेला पेपर वाटपाच्या जागी गेलो. पुरवण्या भरायचं काम चालू होतं. ₹५०० देऊन पत्रकं आत घातली. शिवाय २०० व्हिजिटिंग कार्डं, ₹३००. पाच हजारांतले सतराशे आठवड्याच्या आत गेले.

९ एप्रिल, बुधवार

तीन दिवसांत पत्रकावरून सात फोन. दोघांना अख्खा फ्लॅट रंगवून हवा होता, एकाला एसी. तीन कामं झाली, मिळून ₹८५०. सकाळी चहाबरोबर पत्रक हातात पडतं तेव्हा त्या घरात बहुतेक काही बिघडलेलं नसतं. पंधरा दिवसांनी नळ गळायला लागतो तोवर पत्रक रद्दीत गेलेलं असतं.

एक चूक लिहून ठेवतो. उरलेली पन्नासेक पत्रकं ओळखीच्या मुलाला वाटायला दिली होती. त्याने ती विजेच्या खांबांवर आणि एका शाळेच्या कंपाउंडवर चिकटवली. चूक माझी, मी नीट सांगितलं नव्हतं. सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध १९९५ पासून राज्याचा कायदा आहे, त्यात दंडही आहे आणि कैदही. रात्री दोघांनी ओल्या फडक्याने एकूण एक कागद खरवडून काढला. जो माणूस लोकांची भिंत खराब करतो, त्याला लोक आपल्या घरातली भिंत का सोपवतील?

१३ एप्रिल, रविवार

डहाणूकर कॉलनीतल्या हार्डवेअरच्या दुकानात टेफ्लॉन टेप घ्यायला उभा होतो. वीस मिनिटांत तीन गिऱ्हाइकं आली, तिघांच्याही हातात जुना सुटा भाग. एकाकडे नळाचा स्पिंडल, एकाकडे बिजागरी, एका काकूंकडे फ्लशचा वॉशर पिशवीत गुंडाळलेला. काकूंनी विचारलं, "बसवून देणारं कोणी आहे का हो?" दुकानदार शेठ म्हणाले, "बघतो, फोन करून कळवतो." म्हणजे त्यांच्याकडेही नाव नव्हतं.

काकूंचं काम तिथूनच जाऊन केलं. संध्याकाळी शेठना कार्डं द्यायला गेलो. कमिशन किती, हे त्यांनी विचारलंच नाही. त्यांचं एकच म्हणणं होतं की माल त्यांच्याकडून घ्यावा आणि चुकीचा माल उघडून परत आणू नये. दोन्ही कबूल. मालाचं बिल गिऱ्हाइकाच्या हातात जसंच्या तसं द्यायचं, त्यात माझा एक रुपया नाही, हेही ठरवून टाकलं. मालात पैसे काढणारा माणूस कधी तरी पकडला जातोच, आणि मग मजुरीही महाग वाटायला लागते.

आता पट्ट्यातल्या आणखी पाच दुकानांत कार्डं आहेत. खर्च शून्य, फक्त दर आठवड्याला तोंड दाखवावं लागतं.

२० एप्रिल, रविवार

सोसायट्यांचे वॉचमन. नवीन बिऱ्हाडाला प्लंबर हवा असला की पहिल्यांदा त्यांनाच विचारतात. दोघातिघांनी सरळ विचारलं, एका कामामागे पन्नास देणार का? पैसे देण्यात मला कमीपणा नाही, पण ते पन्नास शेवटी गिऱ्हाइकाच्या बिलात चढणार. नको म्हणालो.

एका केबिनमध्ये वॉचमन मामा एप्रिलच्या उकाड्यात पुठ्ठ्याने वारा घेत बसले होते. वर पंखा होता, पण तीन पाती मोजता येतील इतका हळू. बहुतेक वेळा असा पंखा जळालेला नसतो, त्याला जोर देणारा कंडेन्सर उतरलेला असतो. मेन बंद केला, वरची वाटी खाली सरकवली, २.५ एमएफडीचा नवा कंडेन्सर जोडला. बॅगेत दोन असतातच. चालू केला तेव्हा टेबलावरची नोंदवही फडफडायला लागली. मामा उठून उभेच राहिले. पैसे घेतले नाहीत. त्या एका सोसायटीतून आज दुपारपर्यंत चार फोन आले.

वॉचमनकडून काम आलं की ते झाल्यावर जाताना मामांना सांगून जायचं, "सहाशे दोनचं झालं." त्यांनी पाठवलेल्या माणसाने काम नीट केलं, हे त्यांना कळायला हवं. त्यांचीही त्या सोसायटीत पत असते.

४ मे, रविवार

आज सुचलं ते आधीच सुचायला हवं होतं.

कर्वेनगरला एका आजींकडे सिंकखालचा बॉटल ट्रॅप, म्हणजे सांडपाणी जायचा बाटलीसारखा भाग, गळत होता. गुडघ्यावर बसून कपाटात डोकं घातलं तर आतल्या दारावर कोणीतरी पेन्सिलने नंबर लिहिलेला, अर्धा पुसलेला. "हा कोणाचा, आजी?" "पूर्वी एक प्लंबर यायचा रे, त्याचा. आता लागत नाही." आमच्या वेळची माणसं नंबर डायरीत लिहीत, म्हणाल्या, पण पाणी वाहायला लागलं की डायरी सापडत नाही, म्हणून ह्यांनी इथंच लिहून ठेवला होता.

बिघाड जिथे होतो तिथे नंबर हवा. वहीत दोनदा अधोरेखित केलंय.

लगेच ३०० स्टिकर छापायला टाकले. व्हिनाइलचे, तीन बाय दोन इंच, पाणी लागलं तरी चालतील असे, ₹७५०. मजकूर फक्त नंबर, "नळ, पंखा, कडी, रॉड" आणि खाली दोन रिकाम्या ओळी : काय केलं, कोणत्या तारखेला. त्या मार्करने हाताने भरायच्या. तारीख असली की तो कागद घराचा होतो, गिऱ्हाइकालाच तो हवा असतो. "वॉशर गेल्या वर्षीच बदलला होता ना?" याचं उत्तर तिथेच मिळतं. जागा ठरलेल्या : सिंकखालच्या दाराच्या आतून, मीटर-एमसीबीच्या बॉक्सच्या झाकणाला आतून, गिझरजवळ दिसेल अशा कोरड्या फरशीवर. विचारल्याशिवाय लावायचा नाही. बाहेरून दिसेल असा कधीच नाही. लोकांच्या मुख्य दारावर आधीच केबलवाले, पाण्याच्या जारवाले सगळे असतात.

११ मे, रविवार

गूगलवर धंद्याची नोंद केली. फुकट आहे. माझं दुकान नाही, त्यामुळे घरचा पत्ता लपवून फक्त सेवा देतो ते भाग टाकता येतात. वीस भाग घालता येतात, मी सहाच घातले. पडताळणीला व्हिडिओ मागितला. गल्लीची पाटी, दुचाकी, हत्यारांची बॅग, उद्यमचा कागद असं एका दमात फोनवर चित्रण करून पाठवलं. नावात माझं आडनाव आणि 'घरदुरुस्ती' एवढंच. "स्वस्त प्लंबर इलेक्ट्रिशियन कर्वेनगर" असं नावातच कोंबा, असा सल्ला एकाने दिला, पण जे नाव कार्डावर तेच तिथं, असा नियम आहे आणि तो बरोबरही आहे.

रिव्ह्यू मागायला सुरुवातीला जीभ रेटत नव्हती. आता काम झालं, पैसे मिळाले, की लिंक पाठवतो आणि म्हणतो, "जसं वाटलं तसं दोन ओळी लिहा, काय काम होतं ते लिहिलंत तर बरं." रिव्ह्यूच्या बदल्यात सूट द्यायची नाही. गूगललाही ते चालत नाही, मलाही नको. "छान सर्व्हिस" यापेक्षा "बाथरूमच्या टाइल न फोडता टॉवेल रॉड बसवला" अशी ओळ वाचून लोक फोन करतात.

व्हॉट्सॲप बिझनेसवरही आलो. त्यात दरपत्रक कॅटलॉग म्हणून टाकता येतं. ब्रॉडकास्टची एक गोष्ट उशिरा कळली : ज्यांनी माझा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप पोचतो. म्हणून आता निघताना सांगतो, नंबर 'नळ पंखा' या नावाने सेव्ह करा. माझं नाव कोणाला आठवणार नाही, नळ आठवेल.

२६ मे, सोमवार

यंदा पाऊस मेमध्येच आला. गेल्या आठवड्यापासून फोनला उसंत नाही. स्लायडिंग खिडक्यांतून पाणी आत, ही एकच तक्रार. निम्म्या घरांत खिडकीला काही झालेलंच नाही. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती धुळीने आणि कबुतरांच्या काड्यांनी बुजलेली. ट्रॅक भरतो आणि पाणी घरात उतरतं.

हेच एका ताईंच्या फोनवर त्यांच्या परवानगीने चाळीस सेकंद दाखवलं : सायकलची जुनी तार भोकात घातली, चिखल बाहेर आला, मग मगभर पाणी ट्रॅकमध्ये ओतलं तर ते बाहेर पडलं. ताईंनी तो व्हिडिओ त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. मी ग्रुपमध्ये नाही आणि घुसायचा प्रयत्नही करत नाही. बाहेरच्या माणसाची जाहिरात तिथे नकोशी होते, रहिवाशाने टाकलेली गोष्ट वाचली जाते. हिला वाटलं, घरच्या घरी कसं करायचं ते दाखवलं तर बोलावणार कोण? दोन दिवसांत त्या सोसायटीतून अकरा फोन. त्यातल्या चौघांनी भोकं स्वतः साफ केली होती आणि त्यांना आता सिलिकॉन भरून हवं होतं, रोलर बदलून हवे होते.

८ जून, रविवार

अकरा महिन्यांचे भाडेकरार मे-जूनमध्ये बरेच संपतात. जुनं बिऱ्हाड जातं, नवं येतं, आणि मधल्या आठवड्यात एकाच फ्लॅटमध्ये कुलपाचा सिलिंडर, दोन पंखे, तीन रॉड, गळका अँगल कॉक असं सगळं एकदम निघतं. कर्वेनगरमधल्या तीन इस्टेट एजंटांना जाऊन भेटलो. त्यांना स्वस्त माणूस नको होता, चावी देता येईल असा हवा होता. पोलिसांचा दाखला इथे कामी आला. मी एकच वाढीव गोष्ट करतो : काम करण्याआधीचे आणि नंतरचे फोटो मालकाला पाठवतो.

असे मालक पुष्कळदा दूर असतात. कोथरूडच्या एका फ्लॅटचे मालक अमेरिकेत न्यू जर्सीला आहेत, त्यांचे आईवडील शेजारच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. फ्लॅटचं काम बघून त्यांनी विचारलं, "आईबाबांच्या बाथरूममध्ये धरायला दांडा बसवाल का? मी दोन वर्षं सांगतोय, ते म्हणतात गरज नाही." तो बसवायला दीड तास लागला. आधी काका कमोडवरून उठताना हात कुठे टेकतात ते बघितलं आणि तिथे पेन्सिलची खूण केली. टाइलवर मास्किंग टेप, टाइलचा बिट, ड्रिलचे ठोके (हॅमर) बंद ठेवून सावकाश भोक. टाइल पार झाल्यावर बिट बदलून मग हॅमर. शेवटी मी स्वतः दांड्याला लटकून दाखवलं. काका काही बोलले नाहीत, पण दोनदा उठून-बसून बघितलं.

१ जुलै, मंगळवार

तीन महिन्यांचा हिशेब, मागच्या पानांवरून. एकूण १०८ कामं. सोसायटीच्या ग्रुपवरून २४, हार्डवेअरच्या दुकानांतून २२, जुन्या गिऱ्हाइकांनी परत बोलावलं किंवा दुसऱ्याला सांगितलं अशी २०, वॉचमनकडून १९, गूगलवरून १३, पत्रकावरून ६, स्टिकरवरून ४.

पत्रकाचे ₹१,४०० आणि सहा कामं, म्हणजे एका कामामागे सव्वादोनशेच्या वर जाहिरात. परत छापणार नाही. स्टिकरचे चार बघून ही थोडी हिरमुसली. मी म्हटलं थांब, आत्ताच दुरुस्त केलेला नळ तीन महिन्यांत परत कशाला गळेल? गळला तर माझं कामच वाईट.

फोनवर एकाने विचारलं, "वायरिंग करत नाही, असं छापणारे तुम्हीच ना?" त्याला फक्त स्विच बदलायचे होते. म्हणाला, जो काय येत नाही ते सांगतो तो बरा. हिने ते वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलंय.

२० जुलै, रविवार

ज्येष्ठ नागरिक संघात अर्धा तास मिळाला. माझ्या धंद्याबद्दल एक वाक्य बोललो, बाकी सगळा वेळ दोन गोष्टी दाखवल्या.

पहिली, घरात पाणी यायचा मेन कॉक कुठे आहे आणि तो कोणत्या बाजूला बंद होतो. पस्तीसेक माणसांत निम्म्यांना जागाच माहीत नव्हती. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक ऐन वेळी जाम होतो, म्हणून महिन्यातून एकदा बंद-चालू करायचा. दुसरी, बोर्डावरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका, ज्याला जुनी माणसं ईएलसीबी म्हणतात. एमसीबी हा जास्त भार आला की पडणारा खटका, तो वायर सांभाळतो, हा माणूस सांभाळतो. ३० मिलिअँपिअर एवढी गळती झाली तरी पडायला हवा. त्यावर 'टी' असं बारीक बटण असतं. ते दाबलं की खटका खाली पडला पाहिजे. नाही पडला तर बदलून घ्या, माझ्याकडूनच असं नाही, पण घ्या. मी जुना बोर्ड लाकडावर ठोकून नेला होता. प्रत्येकाने येऊन बटण दाबलं. एक आजोबा तीनदा.

रात्री आठपर्यंत पाच फोन, पाचही एकाच वाक्याचे : "घरी जाऊन दाबलं, पडत नाही."

१० ऑगस्ट, रविवार

कालचं लिहिताना वाईट वाटतंय. शनिवारी नऊ कामं घेतली, सातच झाली. दोन ठिकाणी फोनसुद्धा करायचा राहिला. त्यातल्या एका ताईंनी अर्धा दिवस रजा काढली होती. रात्री त्यांचं सोसायटीच्या ग्रुपवरचं लिखाण कोणीतरी पाठवलं : "येतो म्हणाले, आले नाहीत, फोनही उचलला नाही." शब्द न् शब्द खरा.

आज सकाळी आठला त्यांच्या दारात गेलो. कारण सांगितलं नाही, चुकलो म्हणालो. काम केलं, मजुरी घ्यायला नको म्हटलं, पण त्यांनी दिलीच. ग्रुपवरचं काढून टाका असं मी म्हणालो नाही. संध्याकाळी त्याच्या खाली त्यांनीच लिहिलं की येऊन गेले, काम चांगलं झालं.

आजपासून दिवसाला सहा कामं, सातवं दुसऱ्या दिवशी. पोचायची वेळ आदल्या रात्री मेसेजने, आणि निघताना माझ्या फोटोसकट परत एकदा. फोटो असला की दार उघडणाऱ्याला धीर येतो, आणि वॉचमनलाही दाखवता येतो. नंबर छापलेले दोन शर्ट शिवून घेतले, ₹७००.

पंधरवड्यात एका लीड, म्हणजे गिऱ्हाइकांचे नंबर, विकणाऱ्या कंपनीचे चार फोन आले, वर्षाचं पॅकेज घ्या म्हणून. आहेत तीच कामं वेळेवर होत नाहीत, आणखी अनोळखी फोन घेऊन काय करू?

२७ ऑगस्ट, बुधवार (गणेश चतुर्थी)

गणपतीसाठी जाड कागदावर आरत्यांची घडीची पत्रिका छापली, २०० प्रती, ₹१,१००. आत आरत्या मोठ्या अक्षरांत, मागे खाली एका ओळीत नंबर. मागच्या बाजूला जागा उरली तिथे रोषणाईच्या माळांबद्दल चार सूचना : एका सॉकेटवर मल्टिप्लग लावून चार-चार माळा नकोत, उघड्या जोडावर टेप हवी, पडद्याला लागून दिवे नकोत, झोपताना बंद. जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी प्रत्यक्ष जाऊन दिली. प्रसाद खाऊन खाऊन पोट भरलं. चार सोसायट्यांत मांडवाच्या माळा विनामूल्य तपासून दिल्या, तिथल्या आरतीत आमचीच पत्रिका हातोहात फिरत होती.

ही पत्रिका रद्दीत जाणार नाही, पुढच्या वर्षी गणपतीच्या सामानाबरोबर माळ्यावरून खाली येईल.

१ ऑक्टोबर, बुधवार

दुसऱ्या तीन महिन्यांचा हिशेब. एकूण १६१. जुनी गिऱ्हाइकं आणि त्यांनी सांगितलेली ६२, स्टिकरवरून ३१, गूगल २७, हार्डवेअर १५, सोसायटी ग्रुप १४, वॉचमन १२. पत्रकावरून एकही नाही.

जुन्या गिऱ्हाइकांना ही विचारत होती, तुम्ही दुसऱ्यांना काय सांगितलंत? मला वाटलं होतं दर सांगत असतील. पुष्कळ जणांनी पाकिटाचं सांगितलं. भिंतीला भोक पाडताना मी खाली लग्नपत्रिकेचं रिकामं पाकीट उघडून टेपने चिकटवतो, सगळा भुसा त्यात पडतो, मग पाकीट दुमडून कचऱ्यात. कंपनीत पॅनलजवळ धूळ चालत नसे, तिथली सवय आहे ती. "तो पाकीटवाला पाठवा," असं म्हणत दोन फोन आलेत. घरातली जुनी पाकिटं संपली, आता नातेवाइकांकडून मागवतोय.

१२ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीची धांदल. पंखे उतरवून पुसणं, माळ्याची दारं, बाल्कनीतल्या कंदिलासाठी हुक. शनिवारपर्यंतचे दिवस भरले, पुढच्या लोकांना पाडव्यानंतरची तारीख स्पष्ट सांगतोय. काही जण थांबतात, काही दुसरीकडे जातात.

दुपारी अनोळखी नंबर. मुलगी होती, आवाजावरून विशी-बाविशीची. "काका, किचनमध्ये पाणी येतंय खालून, सिंकच्या इथून."

"नंबर कुठून मिळाला?"

"इथंच आहे आत, दारावर. 'बॉटल ट्रॅप बदलला, ४ मे' असं लिहिलंय."

आजींचं घर. स्टिकर छापून आल्यावर तिथे परत जाऊन लावला होता. त्या जुलैमध्ये मुलाकडे नाशिकला गेल्या, फ्लॅट मुलींना भाड्याने दिलाय, हे मला माहीत नव्हतं. मेन कॉक गॅलरीतल्या पिंपामागे आहे, उजवीकडे फिरव, असं फोनवरच सांगितलं. अर्ध्या तासात गेलो. ट्रॅप ठीक होता, वरच्या वेस्ट पाइपची नट ढिली झालेली, मुलींनी सिंक साफ करताना पिळली होती. हाताने आवळली, खाली कोरडा कागद धरून पाच मिनिटं पाणी सोडलं. कागद कोरडाच राहिला. स्टिकरवर दुसऱ्या रिकाम्या ओळीत आजची तारीख लिहिली. ओळी संपल्या.

नंबर वाचताना तिला टॉर्च लावावा लागला, म्हणाली. आकडे लहान आहेत. पाच हजारांतले साडेसातशे शिल्लक आहेत, उद्या आणखी ३०० छापायला टाकतो : आकडे दुप्पट मोठे, 'रॉड' शब्द काढून, आणि रिकाम्या ओळी दोनऐवजी चार.